चोवीस मिनिटांचं इंजिन

२१ डिसेंबर १९६८ची संध्याकाळ. मुंबईच्या घड्याळात सहा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. सूर्य नुकताच बुडालेला, पौष नुकताच लागलेला, आणि पश्चिमेच्या विझत्या उजेडात दोन दिवसांची चंद्रकोर. त्याच क्षणी फ्लोरिडात सकाळ होती आणि तिथल्या केनेडी अवकाश केंद्रावरून एक अग्निबाण तीन माणसांना घेऊन त्या कोरेकडे निघाला. फ्रँक बोरमन, जिम लव्हेल आणि बिल अँडर्स. मोहिमेचं नाव अपोलो ८. तोवर माणूस पृथ्वीपासून १,४०० किलोमीटरसुद्धा दूर गेला नव्हता. हे तिघं पावणेचार लाख किलोमीटर जाणार होते, चंद्राला दहा फेऱ्या मारणार होते आणि परत येणार होते.

या प्रवासातल्या एका आकड्याचं मला आजही नवल वाटतं. जाऊन-येऊन १४७ तास लागले. सहा दिवस आणि तीन तास. या एवढ्या वेळात अग्निबाणाच्या तिन्ही टप्प्यांची आणि यानाची मोठी इंजिनं किती वेळ पेटलेली होती, याची बेरीज केली तर ती सुमारे चोवीस मिनिटं भरते. बाकीचा सगळा वेळ यानाला कुणीही ढकलत नव्हतं.

परतीच्या वाटेवर असताना जमिनीवरून त्यांच्याशी बोलत होते मायकल कॉलिन्स. पुढच्याच वर्षी तेही चंद्राकडे जाणार होते. त्यांच्या लहान मुलानं विचारलं होतं की गाडी चालवतंय कोण. कॉलिन्सनी तो प्रश्न वर कळवला. अँडर्स म्हणाले, बहुतेक सगळं चालवणं सध्या आयझॅक न्यूटनच करतोय. हे उत्तर शब्दशः खरं होतं. ते तिघं पडत होते.

अंतराळात वजन जाणवत नाही, कारण तिथं गुरुत्वाकर्षण नसतं, हा समज फार चिवट आहे. अपोलो ८ आधी पृथ्वीभोवती जिथं फिरलं त्या १९० किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या ९४ टक्के असते. म्हणजे साठ किलोच्या माणसाला तिथंही पृथ्वी जवळपास तेवढ्याच जोरानं खेचते. वजन जाणवत नाही, कारण खालून कुणी अडवत नाही. आपल्याला जे वजन म्हणून कळतं ते खरं तर खुर्चीनं, जमिनीनं, पायाखालच्या फरशीनं आपल्याला वर रेटणं असतं. माणूस आणि यान दोघंही एकाच वेगानं पडत असतील, तर रेटायला कुणी उरत नाही.

मग ते जमिनीवर का आदळत नाहीत? गच्चीवरून चेंडू आडवा फेकला तर पहिल्या सेकंदात तो पाचेक मीटर खाली येतो. कितीही जोरात फेका, पहिल्या सेकंदात पाच मीटर हे ठरलेलं. आता पृथ्वी गोल आहे. आठ किलोमीटर सरळ पुढं गेलं की तिचा पृष्ठभाग आपल्या सरळ रेषेच्या पाच मीटर खाली गेलेला असतो. म्हणजे चेंडू सेकंदाला आठ किलोमीटरच्या वेगानं फेकता आला, आणि हवा आडवी आली नाही, तर तो जेवढा पडेल तेवढीच जमीनही त्याच्या खालून वळून गेलेली असेल. तो पडतच राहील आणि कधीच पोचणार नाही. कक्षेत फिरणं म्हणजे एवढंच. पाच मीटर आणि आठ किलोमीटर, हे दोन आकडे मी पहिल्यांदा कागदावर शेजारी शेजारी मांडले तेव्हा बराच वेळ त्यांच्याकडेच बघत बसलो होतो.

पण हा आठ किलोमीटरचा वेग मिळवणं महाग आहे. होडीतून मागं पोतं फेकलं की होडी पुढं सरकते. अग्निबाण हेच करतो. जळालेला वायू मागं फेकतो आणि त्याच्या धक्क्यानं पुढं जातो. त्याला हवेचा आधार लागत नाही. अडचण वेगळीच आहे. लांबच्या बाजाराला निघालेल्या बैलगाडीत बैलांसाठी चारा घ्यावा लागतो. बाजार जितका लांब तितका चारा जास्त, आणि चारा वाढला की तो ओढायला बैल वाढवावे लागतात. त्या बैलांना पुन्हा चारा. अग्निबाणाचं इंधन बरंचसं इंधन उचलण्यातच खर्च होतं.

रशियातल्या कालुगा गावचे एक शाळामास्तर, कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्स्की, यांनी १९०३ साली हा हिशेब एका समीकरणात मांडून छापला. त्याचा स्वभाव चक्रवाढ व्याजासारखा आहे. मागं फेकलेल्या वायूचा जो वेग, तेवढाच वेग यानाला हवा असेल तर निघतानाचं वजन शेवटी उरणाऱ्या वजनाच्या २.७ पट लागतं. दुप्पट वेग हवा असेल तर ७.४ पट. तिप्पट हवा तर वीस पट. रॉकेलच्या जातीचं इंधन जाळून वायूला सेकंदाला अडीच ते तीन किलोमीटर वेग मिळतो. द्रवरूप हायड्रोजन जाळला तर चार किलोमीटरच्या थोडं वर. रसायनांकडून याहून फारसं जास्त मिळत नाही. म्हणून सॅटर्न ५ हा अग्निबाण ११० मीटर उंच होता आणि निघताना त्याचं वजन सुमारे २,८०० टन होतं. पहिल्या टप्प्यातली पाच इंजिनं दर सेकंदाला तेरा टन इंधन आणि प्राणवायू गिळत होती. रिकामे झालेले टप्पे वाटेतच टाकून दिले जात, कारण रिकामी टाकी ओढत नेणं म्हणजे बाजारापर्यंत रिकामी पोती वाहणं. शेवटी तिघांना घेऊन समुद्रात परत आलेल्या कुपीचं वजन पाच टन भरलं. निघताना साडेपाचशे किलो, तर परत येताना एक किलो.

पूर्वेकडे उडायचं, हेही यातलंच. पृथ्वी स्वतःभोवती पूर्वेकडे फिरते, आणि फ्लोरिडाच्या अक्षांशावर तिचा पृष्ठभाग सेकंदाला चारशे मीटरनं धावत असतो. अग्निबाण जागेवर उभा असतानाच तेवढा वेग त्याच्या पदरात पडलेला असतो.

उड्डाणानंतर साडेअकरा मिनिटांत ते कक्षेत होते. मग पावणेतीन तास यानाची तपासणी झाली आणि तिसऱ्या टप्प्याचं इंजिन पुन्हा पेटलं. पाच मिनिटं आणि काही सेकंद. वेग सेकंदाला ७.८ किलोमीटरवरून १०.८ किलोमीटर झाला. इंजिन बंद. आता ते पृथ्वीभोवतीच्या वर्तुळात नव्हते. एका लांबच लांब ताणलेल्या लंबवर्तुळावर होते आणि त्याचं दुसरं टोक चंद्राच्याही पलीकडं पोचत होतं. गोफणीतून धोंडा सुटला होता.

पण नेम कशावर धरायचा? आकाशात दिसणाऱ्या चंद्रावर नाही. चंद्र स्वतः सेकंदाला एक किलोमीटरनं पुढं सरकतो आणि यानाला पोचायला ६९ तास लागणार होते. तेवढ्या वेळात तो अडीच लाख किलोमीटर पुढं गेलेला असणार. आपल्या पंचांगाला ही गोष्ट कायम ठाऊक आहे. चंद्र रोज साधारण एक नक्षत्र ओलांडतो. तेव्हा नेम धरायचा तो आजच्या नक्षत्रावर न धरता जवळजवळ तीन नक्षत्रं पुढच्या रिकाम्या जागेवर, जिथं तीन दिवसांनी चंद्र येईल. आणि त्याच्या काठापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर बाजूनं जायचं, आदळायचं नाही. चंद्राचा व्यास जवळपास साडेतीन हजार किलोमीटर आहे, हे लक्षात घेतलं की हा नेम किती बारीक होता ते कळतं. वाटेत नेम सुधारायला मोठं इंजिन जेमतेम अडीच सेकंद पेटवावं लागलं. पुढं एकदा लहान इंजिनांनी हलकासा धक्का दिला, तेवढं पुरलं.

कोवळ्या कोरेच्या दिवसांत निघण्यामागंही कारण होतं. पुढच्या मोहिमांना जिथं उतरायचं होतं त्या सपाट प्रदेशावर, ज्याला शांततेचा सागर म्हणतात, हे लोक पोचतील तेव्हा नुकती पहाट झालेली असायला हवी होती. तिरप्या उन्हात सावल्या लांब पडतात आणि खड्डे, उंचवटे उठून दिसतात. त्या भागात पहाट होते अमावास्येनंतर चार-पाच दिवसांनी. त्यातून तीन दिवस वजा केले की निघायची तिथी मिळते.

आता वर फेकलेल्या दगडाचं जे होतं तेच यानाचं होऊ लागलं. ते मंदावत गेलं. अवकाशात घर्षण नाही, मग मंद का? कारण ते चढत होतं. पृथ्वी मागून सतत खेचत होती. पहिल्या काही तासांत वेग भराभर उतरला, मग हळूहळू. दोन दिवस उलटून गेल्यावर, पृथ्वीपासून सव्वातीन लाख किलोमीटरवर, सेकंदाला १०.८ किलोमीटरचा वेग एक किलोमीटरवर आला होता. यान जवळजवळ थबकल्यासारखं झालं होतं. याच सुमाराला ते चंद्राच्या अमलाखाली गेलं असं जाहीर झालं.

याबद्दल कॉलिन्सनी एक गंमत लिहून ठेवली आहे. गणितज्ञांनी पत्रकारांना सांगितलं की इथून पुढं वेग पृथ्वीच्या संदर्भात न मोजता चंद्राच्या संदर्भात मोजला जाईल, म्हणून आकडा एकदम बदलेल. पत्रकारांनी विचारलं, मग यानाला धक्का बसेल का? जितकं समजावावं तितका काहींचा धक्क्यावरचा विश्वास वाढत गेला. धक्का अर्थातच बसत नाही. तिथं कुठलीही वेस नाही. पृथ्वी जशी यानाला ओढत होती तशी चंद्रालाही ओढतच होती. दोघांनाही जवळपास सारखंच ओढत असेल, तर चंद्राच्या शेजारी पोचल्यावर ती समाईक ओढ हिशेबातून बाजूला ठेवता येते, आणि चंद्राला मध्यभागी धरून गणित मांडणं सोपं जातं. वेस आखली ती गणितानं, आणि यान तिच्यावरून पडत पुढं गेलं. फरक इतकाच, की आतापर्यंत ते वर पडत होतं आणि आता चंद्राकडे खाली पडू लागलं.

या सगळ्या वाटेत त्या तिघांना चंद्र जवळपास दिसलाच नाही. तो सूर्याच्या झगमगाटाजवळ होता आणि काही खिडक्यांवर धूसर थर चढला होता. ज्याच्याकडे आपण तीन दिवस पडतो आहोत ती वस्तू दिसत नाही आणि तरी पूर्ण भरवसा आकड्यांवर. लव्हेल दुर्बिणीसारख्या एका कोनमापकातून तारे आणि पृथ्वीची कड यांच्यातले कोन मोजत होते, दर्यावर्दी मोजतात तसे. परतीच्या वाटेवर एकदा त्यांच्या हातून चुकीची कळ दाबली गेली आणि यान कुठल्या दिशेला तोंड करून आहे ही संगणकाची आठवणच पुसली. तेव्हा त्यांनी राजन्य आणि व्याध हे तारे शोधून त्याला पुन्हा दिशा शिकवली. मृगाच्या पायाशी चमकणारा राजन्य आणि त्याच्यामागचा व्याध डिसेंबरच्या रात्री आपल्या अंगणातूनही दिसतात. ते इतके दूर आहेत की चंद्रापर्यंत जाऊनसुद्धा त्यांची जागा केसभरही बदललेली दिसत नाही. म्हणूनच त्यांच्यावर विसंबता येतं.

हे यान तीन दिवसांत पोचलं आणि आपलं चांद्रयान-३ चाळीस दिवसांनी उतरलं, याचं आश्चर्य अनेकांना वाटतं. आपला अग्निबाण सॅटर्नपेक्षा खूप लहान होता, म्हणून २०२३च्या जुलैत त्या यानानं झोक्याची युक्ती वापरली. झोका खालच्या बिंदूतून सर्वांत वेगानं जात असताना पायानं रेटा दिला की तो जास्त उंच जातो. तसंच प्रत्येक फेरीत पृथ्वीजवळून जाताना इंजिन थोडं पेटवायचं आणि कक्षा लांबवत न्यायची. यंत्राला हे चालतं. माणसांना चाळीस दिवसांचा प्राणवायू आणि अन्न न्यावं लागेल, आणि पृथ्वीभोवतीचे व्हॅन ॲलन किरणोत्सारी पट्टे पुन्हा पुन्हा ओलांडावे लागतील. माणसांना ते पट्टे झटकन पार करूनच निघून जावं लागतं.

२४ डिसेंबर. यान चंद्राच्या मागं गेलं आणि ठरलेल्या क्षणी रेडिओचा संपर्क तुटला. चंद्राकडे पडता पडता वेग पुन्हा वाढून सेकंदाला अडीच किलोमीटर झाला होता. शंभर किलोमीटर उंचीवरून फिरायला मात्र १.६ किलोमीटरच वेग चालतो. अडीच किलोमीटरच्या वेगाला चंद्र धरून ठेवू शकत नाही. म्हणून यानाचं तोंड उलटं करून इंजिन चार मिनिटं पेटवायचं आणि वेगातला जादा हिस्सा काढून टाकायचा. तेही चंद्राला सर्वांत जवळच्या बिंदूवर, आणि तो बिंदू पृथ्वीच्या नजरेआड, चंद्राच्या पाठीमागं होता. इंजिन पेटलंच नसतं तर? तर चंद्राला वळसा घालून यान आपोआप पृथ्वीकडे परत पडलं असतं. वाट मुद्दाम तशी निवडलेली होती. इंजिन जास्त वेळ पेटलं असतं तर मात्र यान चंद्रावर आदळलं असतं. चार मिनिटं, एकही साक्षीदार नाही. मग दुसऱ्या कडेनं यान अपेक्षित वेळी बाहेर आलं.

त्याच दिवशी चौथ्या फेरीत अँडर्सनी चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचं छायाचित्र घेतलं. ते चित्र अनेकांनी पाहिलेलं असतं. त्यातली पृथ्वी कोरेसारखी दिसत नाही. ती फुगीर आहे, जवळपास तीन चतुर्थांश उजळलेली. त्या दिवशी आपल्याकडे पाच दिवसांची चंद्रकोर होती, म्हणजे चंद्राचा साधारण एक चतुर्थांश भाग उजळलेला. दोघांच्या कला एकमेकींना पूर्ण करतात. इथं अमावास्या तर तिथून पूर्ण पृथ्वी. कोवळ्या कोरेच्या आतला काळा भाग मंद राखाडी उजळलेला दिसतो, तो या फुगीर पृथ्वीच्या उजेडानंच. आणखी एक गोष्ट. चंद्रावर उभ्या असलेल्या माणसाला पृथ्वी अशी उगवताना दिसणारच नाही. चंद्र आपली एकच बाजू पृथ्वीकडे ठेवतो, म्हणून तिथल्या आकाशात पृथ्वी जवळपास एका जागी टांगलेली असते. त्या चित्रात उगवणं आहे ते यानाच्या धावण्याचं.

वीस तास, दहा फेऱ्या. मग निघायची वेळ. यायला एवढा मोठा अग्निबाण लागला, परत जायला काय लागलं? यानाचं एकच इंजिन, रेटा नऊ टनांचा, तीन मिनिटं आणि तेवीस सेकंद. एवढा फरक का, ते विहिरीच्या उपमेनं सांगता येतं. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी खर्च करून, ओढ कायम जमिनीवरच्याइतकीच राहिली असती तर, ६,३७० किलोमीटर खोल विहिरीतून वर येता आलं असतं. हा आकडा पृथ्वीच्या त्रिज्येएवढाच निघतो आणि तो योगायोग नाही. गणितच तसं आहे. त्याच मापानं चंद्राची विहीर किती खोल? फक्त २९० किलोमीटर. बावीस पटींनी उथळ. शिवाय हे लोक चंद्रावर उतरलेले नव्हते. ते त्या उथळ विहिरीतही अर्ध्या उंचीवरच फिरत होते. काठाच्या बाहेर डोकं काढलं की पुढं पृथ्वीची खोल विहीर होतीच, पण आता तिच्यात पडायचं होतं आणि त्याला काहीच खर्च नव्हता. नाताळच्या पहाटे, ह्यूस्टनमधल्या नियंत्रण केंद्राच्या वेळेनं मध्यरात्रीनंतर, ते इंजिन पुन्हा चंद्राच्या मागंच पेटलं. बाहेर आल्यावर लव्हेलनी कळवलं, सांताक्लॉज आहे, याची नोंद घ्यावी.

खर्च नव्हता हे खरं, पण हिशेब शेवटी चुकता करावाच लागतो. पडताना वेग वाढत गेला आणि २७ डिसेंबरला हवेच्या वरच्या थराला, १२२ किलोमीटर उंचीवर, यान शिवलं तेव्हा तो सेकंदाला अकरा किलोमीटर होता. चंद्राकडे निघताना जेवढा दिला होता जवळपास तेवढाच. सॅटर्ननं जी ऊर्जा त्या कुपीला दिली ती सगळी परत आली होती. यानाच्या दर किलोमागं साठ मेगाज्यूल. नळाच्या एक किलो पाण्याची पूर्ण वाफ करायला सुमारे २.६ मेगाज्यूल लागतात. म्हणजे यानाच्या एका किलोत तेवीस किलो पाणी वाफ करून उडवण्याइतकी ऊर्जा होती, आणि ती जिरवायला परतीचं इंधन नव्हतं. होती ती फक्त हवा.

इथं मला मानवी बुद्धीचं सर्वांत कौतुक वाटतं. वेगानं हवेत शिरायचं तर टोकदार आकार हवा असं कुणालाही वाटेल, भाल्याच्या फाळासारखा. १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या एम्स प्रयोगशाळेत हार्वी ॲलन यांनी याच्या उलट सांगितलं. बोथट आकार घ्या. रुंद बूड पुढं करून शिरलं की समोरची हवा बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. ती दाबली जाऊन यानापासून थोड्या अंतरावर धडक-लहरीची एक भिंत तयार होते. बहुतेक उष्णता त्या दाबलेल्या हवेतच निर्माण होते आणि हवेबरोबर बाजूनं वाहून जाते. यानाला थोडाच वाटा पोचतो. त्या वाट्यासाठी बुडाला राळेसारख्या पदार्थानं भरलेल्या पोळ्याचं कवच होतं. ते जळायचं, कोळसा व्हायचं, झडायचं, आणि झडताना उष्णता बरोबर न्यायचं. बाहेर अडीच हजार अंशांच्या वर तापमान, आत माणसं.

शिरण्याचा कोनही फार अरुंद होता, क्षितिजाखाली साडेसहा अंश, आणि इकडेतिकडे एखादा अंश चालेल इतकीच मोकळीक. जास्त उभं शिरलं तर वेग इतक्या झपाट्यानं उतरेल की शरीर सोसणार नाही. फार उथळ शिरलं तर पाण्यावरून चपटा दगड उसळावा तसं यान पुन्हा बाहेर जाईल. पावणेचार लाख किलोमीटरवरून नेम धरून ते या फटीत शिरले. सहा दिवस वजन नसलेल्या शरीरांवर जवळजवळ सातपट वजन आलं. भोवतीची हवा इतकी तापली होती की तिच्यातून रेडिओच्या लहरी जाईनात. मग तीन मोठ्या छत्र्या उघडल्या.

प्रशांत महासागरात पहाट व्हायची होती. मुंबईत रात्रीचे ९ वाजून २१ मिनिटं झाली होती आणि तिथली कोर आता अष्टमीच्या जवळ जाऊन अर्धी भरली होती. कुपी पाण्यावर आपटली, लाटेनं छत्र्या ओढल्या आणि ती उलटी झाली. हवेच्या पिशव्या फुगून तिला सरळ करेपर्यंत काही मिनिटं ते तिघं अंधारात पट्ट्यांना डोकं खाली करून लटकत होते. पट्टे खांद्यांत रुतत होते. पडणं संपलं होतं, आणि पृथ्वी त्यांना पुन्हा पूर्ण वजनानिशी जाणवत होती.